तिसरी हाक

"म्हणा, येतो."

पेशंट टेबलावर आडवा पडलेला, हाताला सुई टोचलेली, डोक्यावर दिवा भगभगतोय, आणि नाबरबाई त्याच्या उशाशी स्टुलावर बसून अगदी निवांत सांगतायत, "म्हणा, येतो. घरातनं निघताना म्हणता ना तसं. जातो म्हणायचं नाही."

बिचारा "येतो" म्हणायचा. मगच बाई झोपेचं इंजेक्शन द्यायच्या. गुजराती पेशंटांना हे शिकवावं लागायचं नाही, ते आपणहून "आवजो", म्हणजे "परत या", म्हणून डोळे मिटायचे.

बोरीवलीला पूर्वेकडे, नॅशनल पार्कच्या अंगाला, मेहता डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथं मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते आणि डॉ. नाबर भूल द्यायच्या. सगळे त्यांना भुलीच्या बाई म्हणायचे. अंधेरीला एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. उंच, काटकुळ्या, कायम सुती साडी, कानात कुड्या. हातात एवढी मोठी चामड्याची बॅग, की रिक्षावाला आधी बॅग उतरवायचा आणि मग बाईंना हात द्यायचा. चहाला नाही म्हणायच्या नाहीत, पण कपबशी विसळल्यासारखा पाणचट चहा मिळाला तर सरळ मला म्हणायच्या, "कांता, या चहाला भूल दिल्येय का गं कुणी?"

माझ्याबद्दल एकच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझा भरवसा वाटेल. आम्ही वऱ्हाडातले. घरात देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर होती. वडील म्हणायचे, आपल्या घरात देवाला जागा नाही, तिथं भूत कुठं राहणार? त्यामुळे असल्या गोष्टींवर मी फिदीफिदी हसणारी बाई. आजही हसते. फक्त हे एक सांगताना हसू येत नाही.

बाईंचं काम नीट कळायला हवं. पोट उघडायचं तर पोटाचे स्नायू सैल पडायला हवेत. त्यासाठी झोपेच्या औषधाशिवाय आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते दिलं की माणूस जिवंतपणी दगड होतो. बोट हलत नाही, पापणी हलत नाही, छातीसुद्धा थांबते. मग त्याचा श्वास भुलीचा डॉक्टर घेतो, काळी रबरी पिशवी हातानं दाबून दाबून. आणि ऑपरेशन संपलं की उलटं इंजेक्शन द्यायचं, निओस्टिग्मिन. त्यानं स्नायूंच्या औषधाचा अंमल उतरतो आणि दगडाचा परत माणूस होतो. पण निओस्टिग्मिननं नाडी मंदावते म्हणून सोबत अ‍ॅट्रोपिन द्यायचं. बाई या जोडीला "रिटर्न" म्हणायच्या. पेशंटला थिएटरात आणायच्या आधी त्या रिटर्न भरून ठेवायच्या, वेगळ्या ट्रेमध्ये, वर कापसाचा बोळा. त्या ट्रेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "जायचं तर रिटर्न काढूनच," म्हणायच्या. "नंतर खिडकीवर गर्दी असते."

आणि त्या बोलायच्या. कुणाशी, तर त्या दगड झालेल्या माणसाशी. "आता साहेब पोटात हात घालतायत हं. आता धुतायत. आता टाके. झालंच." वाकून, कानाशी, हळू आवाजात. बाहेर पार्कातली माकडं खिडकीच्या गजावर येऊन बसायची, आत मशीनचा फुसफुस आवाज, आणि मध्येच बाईंचं हे कुजबुजणं. सुरुवातीला माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

एकदा मेहतासाहेब वैतागले. "कोणाशी बोलते मॅडम तुमी? पेशंट तर झोपेल आहे."

"आतल्या माणसाशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं पोट बघा."

त्या अशा का झाल्या, ते मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मी हजर होते. बँकेत काम करणारे एक गृहस्थ होते, पित्ताशयाचं ऑपरेशन. सगळं झकास झालं. तिसऱ्या दिवशी मेहतासाहेब राउंडला गेले तर गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, भाचा नापास झाला म्हणून त्याला एवढं बोलू नका. पुढच्या वर्षी बसेल परत."

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. भाच्याचा विषय निघाला होता तो थिएटरात, यांचं पोट उघडं असताना.

झालं असं होतं, की झोपेचं औषध मशीनमध्ये मध्येच संपलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? माणूस कळवळला, हलला, ओरडला तर कळतं. हा तर दुसऱ्या इंजेक्शननं बांधलेला. आत टक्क जागा, आणि बाहेर दगड. त्या माणसानं सगळं सोसलं होतं, आणि वर आम्हालाच धीर देत होता. बाई त्याच्या पायाशी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी बघायला हवं होतं."

तो म्हणाला, "बाई, तुम्ही मध्ये एकदा कुणालातरी 'झालंच हं आता' म्हणालात ना, तेवढ्यावर मी धरून राहिलो. नाहीतर वाटत होतं मी मेलोय आणि यांना कळलेलं नाही."

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. जिन्यात बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "कांता, कापाकापीचं काही नाही गं. पण आत माणूस एकटा असतो. कुणी हाक नाही मारली तर तो तिथंच राहील." बाईंना आयुष्यात एकच भीती होती आणि ती ही. कुणीतरी आत राहील. आणि कधीतरी ती आत राहणारी त्या स्वतः असतील.

मग आल्या राणेकाकू.

मालवणकडच्या, सत्तरीच्या आसपास, लुगडं, नाकात नथीचं भोक, तोंडाचा पट्टा सुरू. मुलगा पूर्वी गिरणीत होता, आता बोरीवलीत कसलंसं दुकान चालवायचा. काकूंचं आतड्याचं ऑपरेशन. भर दुपारची वेळ. ऑपरेशन संपलं, बाईंनी रिटर्न दिलं, श्वास सुरू झाला. आता नळी काढायच्या आधी पेशंटनं डोळे उघडायला हवेत आणि मान उचलून धरायला हवी. श्वास चालतोय म्हणजे अंमल पुरा उतरला असं नसतं, मान उचलली तरच खरं.

बाईंनी कागदावरच्या नावानं हाक मारली, "पार्वतीबाई! डोळे उघडा."

काही नाही.

"पार्वतीबाई!"

काही नाही. पापणीसुद्धा लवली नाही. बाईंच्या कपाळावर घाम आला. अंमल उतरलेला नाही, त्यांना वाटलं. नाडी अ‍ॅट्रोपिननं आधीच धावत होती, म्हणून त्यांनी आणखी थोडं निओस्टिग्मिन एकटंच दिलं. आणि बघता बघता नाडी बसायला लागली. माझं बोट मनगटावर होतं. एक ठोका, मग कितीतरी वेळ काही नाही, मग एक ठोका. "बाई, नाडी जातेय!" मी ओरडले. बाईंनी अ‍ॅट्रोपिन खेचलं, दिलं.  मेहतासाहेब हात वर धरून पुतळ्यासारखे उभे. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. थिएटरात त्या वेळी कुणीही बोललं नाही.

आणि काकूंनी खाडकन डोळे उघडले. मान उचलली. धरली. नाडी माझ्या बोटाखाली टणटण वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या खाटेपाशी गेल्या. मी सोबत होते.

"काकू, काल मी दोनदा हाक मारली. ऐकू आली नाही का?"

"ऐकाक इली तर!" काकू म्हणाल्या. "पण दोनच मारल्यात. तिसरी हाक ऐकल्याशिवाय आमी ओ देणव नाय, बाये. काळोखात कोण हाक मारता, काय म्हायत? दोन हाको कोणय मारता. तिसरी मारूची तेंका परवानगी नाय."

'तेंका' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. कोकणातल्या लोकांची ही समजूत मी ऐकून होते, अंधारात पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, त्या भुताच्या असू शकतात म्हणून. पण भूल उतरताना, अर्धवट शुद्धीत, सत्तरीची बाई ती पाळेल हे कुणाच्या स्वप्नात आलं असतं? अहो, जीव जात होता तिचा, आणि ही तिसऱ्या हाकेची वाट बघत पडली होती!

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"मग डोळे कसे उघडलेत?" त्यांनी विचारलं.

"तिसरी हाक इली ना."

"मी नाही मारली."

"तुमी नाय ओ. सुंदरे म्हणान मारली." काकूंनी खिडकीकडे बघितलं. "सुंदरी माझा म्हायेरचा नाव. लग्नात बदलला ता. आता त्या नावान हाक मारणारा कोण उरला नाय. आवशीचोच आवाज होतो."

आवस म्हणजे आई. काकूंची आई जाऊन पन्नास वर्षं तरी झाली असतील.

जिना उतरताना मी म्हटलं, "बाई, औषधाचा अंमल. मेंदूचे खेळ. दुसरं काय?"

"दुसरं काय," बाई म्हणाल्या. खाली पोचलो. मग म्हणाल्या, "पण काकू परत आल्या कशानं, ते आपल्याला कळलं ना? आपण वापरायचं."

आणि त्यांनी वापरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटायच्या, दमा आहे का, दात हलतो का, आधी कधी भूल घेतली का, हे सगळं विचारायच्या, आणि शेवटी बाईमाणूस असेल तर, "माहेरचं नाव काय?" पुरुष असेल तर, "लहानपणी आई काय हाक मारायची?" बायका आधी लाजायच्या, मग एकदम चेहरा उजळायचा. कितीतरी वर्षांत त्यांना ते कुणी विचारलेलंच नसायचं. मग रिटर्न दिल्यावर पहिली हाक कागदावरच्या नावानं, दुसरीही त्याच नावानं, आणि तिसरी त्या जुन्या नावानं, कानाशी वाकून.

एक पोलीस हवालदार होता. मिशी अशी, आवाज असा की वॉर्डातली पोरं रडायची थांबायची. तो काही केल्या सांगेना. "राहू द्या ना बाई." शेवटी बाईंच्या कानात पुटपुटला. ऑपरेशन झालं, पहिली हाक, दुसरी हाक, ढिम्म. मग बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "छबू!" त्या रानगव्यानं डोळे उघडले आणि मान उचलली, आणि डोळ्यांच्या दोन्ही कडांनी पाणी. मला फिस्सकन हसू आलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर तिसरी हाक फुकट गेलेली मी बघितली नाही. पण हळूहळू मला ते बघवेनासं झालं. कारण डोळे उघडल्यावर माणसं बाईंकडे बघायची नाहीत. आधी दुसरीकडेच बघायची. दाराकडे, नाहीतर खिडकीकडे. कुणीतरी तिथं उभं असल्यासारखी. मग शोधायची. मग बाईंकडे वळायची. मी एकदा बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "तुलाही दिसलं ना? मला वाटलं मलाच दिसतंय." आणि त्या ट्रेमधल्या सुया मोजायला लागल्या.

पुढं काही वर्षांनी बाईंच्याच पोटात दुखायला लागलं. खडे. ऑपरेशन मेहतासाहेब करणार, भूल द्यायला एक तरुण डॉक्टर येणार. पोरगा हुशार होता, फक्त सतत घाईत. आदल्या दिवशी बाईंनी त्याला बसवून सगळं समजावलं, औषध किती, रिटर्न आधी भरून ठेव, मान उचलल्याशिवाय नळी काढायची नाही. तो "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. तो गेल्यावर बाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. इतक्या वर्षांत त्यांचा हात गार लागलेला मला आठवत नाही.

"कांता, मला भीती वाटत्येय गं."

"इतक्या लोकांना आणलंत परत, तुम्हाला कोण ठेवून घेणार?"

"म्हणूनच. मी आणलं सगळ्यांना. मला आणायला कोण आहे?" मग म्हणाल्या, "तिसरी हाक तू मारायचीस. माझं माहेरचं नाव शेवंती. विसरायचं नाही."

"नाही विसरत."

टेबलावर आडव्या झाल्यावर त्या आपणहूनच म्हणाल्या, "येते हं." माझ्याकडे बघून.

ऑपरेशन छान झालं. पोरानं रिटर्न दिलं. श्वास सुरू झाला. "मॅडम! मॅडम, डोळे उघडा!" एक हाक. काही नाही. "मॅडम!" काही नाही. त्यानं घड्याळ बघितलं आणि सिरिंजकडे हात नेला. मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. हात लावू नका." माझा आवाज इतका चढला की मेहतासाहेबही दचकले. मी बाईंच्या कानाशी वाकले. बाईंच्या केसांना थिएटरातल्या टोपीचा वास येत होता. मी तोंड उघडलं.

आणि त्याआधीच बाईंनी डोळे उघडले. मान उचलली. धरली. दाराकडे बघत होत्या.

मी तोंड मिटलं. पोरगा म्हणाला, "गुड, गुड," आणि नळी काढली.  मी गाऊनच्या आत हात घट्ट धरून उभी राहिले.

चारेक दिवसांनी बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी पेज घेऊन गेले. त्या खुशीत होत्या, चेहऱ्यावरची सगळी भीती गेलेली.

"छान मारलीस गं हाक," म्हणाल्या. "पण एक सांग. मी तुला शेवंती सांगितलं होतं. तू शेवंतू कशी म्हणालीस? तसं फक्त माझी आई म्हणायची. मी लहान होते ती गेली तेव्हा."

मी पेजेची वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, हो म्हणावं. मीच मारली म्हणावं, काय बिघडतं? पण त्या बाईशी खोटं बोलणं मला जमायचं नाही.

"बाई, मी हाक मारलीच नाही," मी म्हटलं. "मारायच्या आधीच तुम्ही आलात."

बाई घाबरल्या असतील असं मला वाटलं. पण नाही. त्यांनी पेजेचा चमचा घेतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे आत कुणी एकटं नसतंच का गं? आणि मी आयुष्यभर उगाच जीव जाळला." मग एकदम रडल्या. मीही रडले. वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या तेव्हा म्हणाल्या, "पेज खारट आहे, बाकी काही नाही."

काम त्यांनी सोडलं. नाशिकला बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. जायच्या आधी एकदा नर्सिंग होमला आल्या, सगळ्यांना भेटल्या, मेहतासाहेबांनी फाफडा मागवला. ती मोठी बॅग त्यांनी नव्या पोराला दिली, आणि रिटर्नचा ट्रे मला. दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पार्काच्या बाजूची झाडं उन्हात गप्प उभी. खाली रिक्षा थांबलेली. त्या बसल्या आणि मला वर टेबलावर त्यांचं चष्म्याचं घर दिसलं.

मी गॅलरीत धावले. "बाई!" रिक्षा सुरू झाली होती. "नाबरबाई!" फटफट आवाजात काय ऐकू येणार? रिक्षा वळणाकडे निघाली. मला काय सुचलं कोण जाणे, मी जीव खाऊन ओरडले, "शेवंतू!"

रिक्षा थांबली. बाईंनी बाहेर डोकं काढलं. पण माझ्याकडे नाही. पलीकडच्या बाजूनं, झाडांकडे. पार्काच्या भिंतीवर माझा आवाज आपटून तिकडून आला असेल, मीच मला सांगते, अजून सांगते. तिथं कुणी नव्हतं. बाई त्या रिकाम्या जागेकडे बघून हसल्या, जेवायला हाक मारल्यावर खेळातलं पोर हसतं तशा. हात वर केला. वरून मला त्यांचा एका बाजूचा चेहरा दिसत होता, ओठ हललेले स्पष्ट दिसले.

"आले गं," म्हणाल्या.

रिक्षा वळली. चष्म्याचं घर माझ्या हातातच राहिलं. चौथी हाक मी मारली नाही.